पेंढ्याच्या पेटीत भात-वरण



आंब्याची अढी कशी घालावी हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. पाडाला आलेले आंबे पेंढ्यात रचून ठेवले आणि दोन-तीन दिवसांनी हात घालून पाहिला तर आत चांगली ऊब लागते. ही ऊब पेंढ्याची नव्हे, फळाचीच. पेंढा ती बाहेर जाऊ देत नाही इतकेच. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवताना पाटीत पेंढा घालतात तो याच कारणाने. पूर्वी बर्फाची लादी लाकडाच्या भुशात पुरून ठेवत, त्यातले गमकही हेच. तिथे बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नसते, इथे आतली बाहेर जाऊ द्यायची नसते.

हाच पेंढा आपला भात, वरण आणि वालाचे बिरडेही शिजवू शकतो. ते कसे, याची माहिती या पत्रकात दिली आहे. पेटी घरच्या घरी होते, तिला वीज लागत नाही आणि तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही.

मुळात जाळ कशासाठी लागतो ते आधी पाहू. आधणाला एकदा कढ आला की चुलीत कितीही लाकडे सारा, पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. जास्तीचा जाळ फक्त पाण्याची वाफ करतो आणि भांड्याच्या अंगाने हवेत जातो. तांदूळ मऊ व्हायला तर १०० अंशही लागत नाहीत, ७५ ते ९० अंशांत तो निवांत शिजतो. म्हणजे कढ येईपर्यंतचा जाळ कामाचा, त्यानंतरचा बराचसा जाळ हा भांड्याची जाणारी उष्णता भरून काढण्यासाठी. ती जाऊच दिली नाही तर? भांडे चुलीवरून उतरवून पेंढ्यात गच्च बसवावे, आतल्या आत ते शिजत राहते. पेंढ्याच्या काड्या पोकळ असतात, शिवाय काडी-काडीमध्ये हवा अडकलेली असते. अशी अडकलेली हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते.

ही युक्ती आजची नव्हे. १८६७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेच्या एका कारागिराने अशी पेटी मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई पडली तेव्हा इंग्लंडमध्ये घरोघरी गवताच्या पेटीत स्वयंपाक करावा म्हणून सरकारी प्रचार झाला. त्यांच्याकडे गवत होते. आपल्याकडे भाताचा पेंढा आहे, आणि तो त्या गवतापेक्षा कमी नाही.

आता कोणी म्हणेल, घरी सिलिंडर आला, आम्हाला हे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण उत्तन, राई, मुर्धे, मोर्वे या पट्ट्यात ज्यांनी भाताची खाचरे अजून राखली आहेत, त्यांच्या पडवीत बहुधा एक चूलही असते. आंघोळीचे पाणी आणि मोठ्या टोपातले रांधणे तिच्यावरच होते. सरपण पूर्वी खाडीकाठाहून येई. आता तिवरांना हात लावता येत नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई केली, आणि ते योग्यच झाले; भरतीचे पाणी आणि खाडीकाठच्या बांधांमध्ये हीच झाडे उभी असतात. म्हणून लाकूड विकत घ्या नाहीतर सिलिंडर लवकर संपवा, असे दोनच मार्ग उरतात. तिसरी गोष्ट धुराची. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे जितका वेळ कमी बसावे लागेल तितका धूर कमी पोटात जाईल, हे समजायला मात्र आकड्याची गरज नाही. आणि लावणीच्या दिवसांत सकाळी चिखलात उतरलेली बाई दुपारी ओल्या लुगड्याने परत चूल पेटवते, तो त्रास पुरुष मंडळींनी एकदा मोजून पाहावा. त्यामुळे पेटी करण्याचे काम त्यांनीच अंगावर घ्यावे, हे माझे स्पष्ट मत.

पेटी कशी करावी

आंब्याची लाकडी पेटी, जुना पत्र्याचा डबा, जाड पुठ्ठ्याचा खोका किंवा मोठी बांबूची पाटी, यांपैकी घरात असेल ते घ्यावे. मात्र आपण ज्या टोपात भात करतो तो मध्ये ठेवला असता चारी बाजूंना आणि खाली-वर निदान १० सेंटिमीटर, म्हणजे मुठीच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त जागा राहिली पाहिजे. इथे काटकसर करू नये. जागा कमी तर ऊब कमी.

पेंढा या हंगामातला, कोरडा, बुरशी नसलेला असावा. उडवीच्या बुडाचा काळपट पेंढा घेऊ नये. दोन दिवस कडक उन्हात घालून विळीने बोटभर लांबीचे तुकडे करावे. लांब काड्या नुसत्या कोंबल्या तर मध्ये भोके राहतात. पेटीच्या फटींतून वारा जाऊ नये म्हणून आतून वर्तमानपत्राचे चार-पाच थर किंवा गोणपाट लावावे. तळाशी पेंढ्याचा थर देऊन हाताने दाबावा, त्यावर रिकामा टोप झाकणीसह ठेवावा आणि भोवताली पेंढा ठासत टोपाच्या काठापर्यंत यावे. टोप अलगद वर काढला की त्याच्या आकाराचे घरटे तयार होते. त्यात जुन्या लुगड्याचा दुपदरी तुकडा बसवून कडा पेटीला खिळ्यांनी किंवा सुतळीने पक्क्या कराव्या. नाहीतर रोज थोडा थोडा पेंढा ढासळून भातात यायचा.

वरची उशी हा पेटीचा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि लोक नेमके तिथेच हयगय करतात. उष्णता वरूनच जास्त पळते. गोणपाटाची किंवा मांजरपाटाची पिशवी दाभणाने शिवून तिच्यात पेंढा भरावा. उशी १० सेंटिमीटर जाड आणि पेटीच्या तोंडापेक्षा किंचित मोठी असावी, म्हणजे ती दाबून बसते. वर फळी ठेवून फळीवर पाट्याचा वरवंटा किंवा एखादा दगड ठेवावा.

मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या आपल्या बंदरावर पुष्कळ मिळतात. त्या चालतील का? ऊब त्या चांगली धरतात, पण उकळते भांडे सरळ टेकले की थर्माकोल मऊ पडतो आणि वास येतो. वापरायचीच असेल तर स्वच्छ धुऊन, आत पुठ्ठा आणि पेंढ्याचा पातळ थर देऊनच वापरावी. मला स्वतःला लाकडी पेटीच पसंत आहे.

एक धोका

चुलीवरून उतरवलेल्या टोपाच्या बुडाला कधी कधी निखाऱ्याचा कण चिकटलेला असतो. काजळीत तो दिसत नाही. तसाच टोप पेंढ्यात गेला तर पेटी आतून धुमसेल आणि घर धोक्यात येईल. म्हणून टोप उतरवताच आधी जमिनीवर टेकवावा, बूड ओल्या फडक्याने नीट पुसावे, मग पेटीत ठेवावा. पेटी चुलीजवळ, दिव्याखाली किंवा गॅसच्या शेगडीशेजारी ठेवू नये. लहान मुलांना उकळता टोप उचलायला लावू नये.

रांधताना

पाच माणसांसाठी तीन पेले तांदूळ धुऊन अर्धा तास भिजत ठेवावे. सहा पेले पाण्याचे आधण ठेवावे. चुलीवर आपण याहून जास्त पाणी घालतो, पण पेटीत वाफ जात नाही, म्हणून कमी पुरते. तांदूळ नवा असेल तर आणखी अर्धा पेला कमी करावे. आधणाला कढ आल्यावर तांदूळ वैरावे आणि परत कढ आला की झाकण ठेवून पाच मिनिटे रटरटू द्यावे. झाकण न उघडता बूड पुसून टोप पेटीत ठेवावा, उशी दाबावी. पाऊण तास ते तासाभरात भात तयार. तो करपत नाही, बुडाला लागत नाही, ढवळावा लागत नाही. मध्येच उघडून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. एकदा उघडले की वाफ गेली, आणि वाफेबरोबर शिजणेही गेले.

टोप तीन चतुर्थांश तरी भरलेला असावा. दोन मुठी भातासाठी मोठा टोप वापरला तर तो लवकर निवतो. दोघांचेच घर असेल तर पेटीही लहान टोपाची करावी.

तुरीची डाळ तासभर भिजवून दहा मिनिटे उकळावी आणि पेटीत दीड ते दोन तास ठेवावी. आपल्या समुद्राकडच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते, त्यात डाळ शिजता शिजत नाही. ती पिण्याच्या गोड्या पाण्यात शिजवावी. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घालू नये, आंबटपणाने डाळ टणक राहते. डाळ शिजल्यावर फोडणीबरोबर आंबट घालावे.

वालाच्या बिरड्यासाठी तर ही पेटी जणू मुद्दाम केली आहे. मोड आणून सोललेले वाल चुलीवर जास्त झाले की फुटतात आणि रसात पीठ होते. इथे ढवळणे नाही, म्हणून दाणा अखंड राहतो. कांदा-लसणाच्या फोडणीवर वाल परतून, दाणे बुडतील इतके गरम पाणी घालावे. सात-आठ मिनिटे उकळून तासभर पेटीत ठेवावे. बाहेर काढल्यावर आमसूल, गूळ, ओले खोबरे घालून एक कढ द्यावा.

हरभरा, वाटाणा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात वीस मिनिटे उकळावा आणि तीन तास ठेवावा. राजमा कोणी करत असेल तर तोही भिजवून, पाणी बदलून आधी खळखळ उकळलाच पाहिजे. न उकळता नुसत्या उबेवर शिजवलेल्या राजम्यातले विष जात नाही, उलट्या होतात. बटाटे, रताळी, तांदळाची पेज पेटीत उत्तम होतात. मासळीला पेटी नको, बोंबील आणि पापलेट दोन कढांत होतात. भाकरी अर्थातच तव्यावरची.

मटणाबद्दल विचारतात. होते, पण तुकडे लहान हवेत, वीस मिनिटे उकळायला हवे, तीन तास ठेवायला हवे आणि वाढण्यापूर्वी पुन्हा एक चांगला कढ द्यायला हवा.

किती वेळ ठेवावे

चार तासांपेक्षा जास्त नाही. सकाळी आठला पेटीत ठेवलेले अन्न बाराला बाहेर आलेच पाहिजे. रात्री ठेवून सकाळी खाण्यासाठी ही पेटी नव्हे. अन्न ६० अंशांच्या वर गरम असेपर्यंत त्यात जंतू वाढत नाहीत. त्याखाली कोमट झाले की ते झपाट्याने वाढतात, आणि पेटीत अन्न कोमट बराच वेळ राहते, हाच खरा घात. उघडल्यावर भरपूर वाफ निघाली पाहिजे. चमचाभर वरण ताटलीत काढून बोट लावावे, चटका बसला तर ठीक. नुसते उबदार लागले आणि ते केव्हा निवले हे माहीत नसेल, तर खाऊ नये. भाताच्या बाबतीत तर पुन्हा गरम करूनही उपयोग नाही, कारण निवलेल्या भातात जंतूंनी केलेले एक विष कढानेही मरत नाही. तो भात जनावरांपुढेही ठेवू नये.

कुकरशी तुलना केली तर कुकर लवकर शिजवतो, हे मान्य. पण त्याच्याजवळ कोणीतरी शिट्ट्या मोजत थांबावे लागते. पेटी लावून लावणीला, बाजारला जाता येते. पेटी टेम्पोत टाकून खाचराच्या बांधावर नेली तर माणसांना तिथे गरम भात मिळतो.

सरपण किती वाचले हे माझ्या सांगण्यावर ठेवू नका. एक आठवडा नेहमीसारखा स्वयंपाक करून रोज लाकूड तराजूत तोलून लिहावे, पुढचा आठवडा पेटी वापरून लिहावे. गॅस असेल तर सिलिंडर जोडल्याची तारीख कॅलेंडरवर टिपावी.

पावसाळ्यात पेंढा हवेतला ओलावा ओढतो आणि ओला पेंढा ऊब धरत नाही. टोपाची वाफही थोडी मुरते. म्हणून रोज भांडे काढल्यावर पेटी तासभर उघडी ठेवावी, आणि ऊन पडेल त्या दिवशी उशी बाहेर काढावी. कुबट वास आला की पेंढा बदलावा. जुना शेणखताच्या खड्ड्यात जातो. आषाढ-श्रावणात सुका पेंढा हाती नसेल तर गिरणीतून भाताचे तूस आणून, कापडी पिशव्यांत भरून तेच टोपाभोवती ठासावे. उंदरांना ही जागा फार आवडते, तेव्हा वापर नसेल तेव्हा पेटी जमिनीवर न ठेवता टांगून ठेवावी.