उंबऱ्यावरचा आकडा

‘सी-बॅक’ हा आरोग्य तपासणीचा फॉर्म तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरायचा असतो. तंबाखू खाता का, दारू रोज घेता का, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर. इंदापूर तालुक्यातल्या, नीरा डाव्या कालव्याच्या काठच्या एका वस्तीवर आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, हे सगळं भराभर विचारत होत्या. कंबर मोजायला टेप काढला तेव्हा सासू-सून दोघी हसल्या. मग फॉर्मच्या शेवटाकडचे दोन प्रश्न आले. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास, निराश वाटलं, असं किती दिवस? उत्तराला चार खाने: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. गुण शून्य, एक, दोन, तीन. दोन्हींची बेरीज तीनच्या वर गेली की त्या माणसाला उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं.

सुनेनं उत्तर द्यायच्या आत सासू म्हणाली, “तिला काय धाड भरलीय? दोन वेळचं चांगलं जेवतीय.” सून खाली बघत म्हणाली, “काय न्हाई, सगळं बरं हाय.” शून्य आणि शून्य.

आशाताईंनी तो खाना पेनाने भरला नाही. सासूच्या पायावरची सूज बघितली, तिच्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी केली, आणि निघताना सुनेला म्हणाल्या, “वहिनी, जरा बांधापर्यंत चला माझ्याबरोबर, कुत्रं लई अंगावर येतंय.” उसाच्या कडेला थांबून त्यांनी प्रश्न वेगळाच विचारला: “झोप लागती का?” पुढची दहा मिनिटं ती बाई बोलत होती आणि आशाताई फक्त ऐकत होत्या. रात्री दोनला जाग येते. नंतर डोळा लागत नाही. धाकटा रडला तरी उठावंसं वाटत नाही. फॉर्ममधले दोन प्रश्न त्यानंतर पुन्हा आले, तिच्याच शब्दांत. बेरीज पाच झाली.

मानसिक आरोग्याची देशपातळीवरची आकडेवारी वाचताना मला हा बांध आठवतो. फॉर्म तोच, विचारणारी तीच, उत्तर देणारी तीच. शून्याचे पाच झाले ते जागेमुळे, आणि विचारणारीनं घाई केली नाही म्हणून.

याचा देशपातळीवरचा दाखला फार मोठा आहे. २०११च्या जनगणनेत अपंगत्वाच्या रकान्यात ‘मानसिक आजार’ अशी नोंद झालेली माणसं साऱ्या भारतात साधारण सव्वासात लाख निघाली. पाच वर्षांनी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण आलं, त्यात त्या वेळी उपचारांची गरज असलेल्यांचा अंदाज पंधरा कोटींच्या घरात होता. दोन्ही ठिकाणी मोजमाप एकाच गोष्टीचं नव्हतं, हे खरं. जनगणनेला अपंगत्व मोजायचं होतं, सर्वेक्षणाला आजार. पण प्रगणक कुटुंबप्रमुखाला दारात उभं राहून विचारतो, तर सर्वेक्षणातला कार्यकर्ता ज्याचं त्याला समोर बसवून, टॅबवरच्या ठरलेल्या प्रश्नावलीतून एकेक लक्षण विचारत जातो. “आमच्या घरात वेडं कुणी नाही” हे उत्तर पहिल्या पद्धतीत पुरतं, दुसऱ्या पद्धतीत पुरत नाही.

त्या सर्वेक्षणात बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे इंदापूर आणि शेजारच्या बारामती तालुक्याबद्दल त्यातून काही ठामपणे सांगता येणार नाही. तरीही अंदाज घ्यायला हरकत नाही. प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. गंभीर आजार असलेल्यांतही जवळपास तीन-चतुर्थांश लोक उपचारांबाहेर होते. नैराश्य, चिंता यांसारख्या आजारांत हेच प्रमाण ८५ टक्के. देशात लाखामागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५. या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११ लाच आठ लाखांवर गेली होती. म्हणजे राष्ट्रीय सरासरीनं दोन्ही तालुके मिळून सहा तज्ज्ञ वाट्याला येतात, आणि तज्ज्ञ काही लोकसंख्येच्या प्रमाणात गावोगाव राहत नाहीत. ते शहरात असतात.

सरकारी सेवेशी गाठ पडते ती ओपीडीत. मी पाहिली ती एका ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्याची, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक यायच्या दिवशीची. हा कार्यक्रम १९९६ मध्ये देशातल्या चार जिल्ह्यांत सुरू झाला आणि पुढे पसरला. बाकावर बसलेल्यांत बहुतेक जुने रुग्ण होते. केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले, घड्यांवर फाटलेले. डॉक्टर विचारत, “गोळ्या चालू आहेत ना? मध्ये खाडा?” खाडा झालेलाच असायचा. कांदे काढायचे होते, एसटी चुकली, बरं वाटलं म्हणून सोडल्या. झटके येणाऱ्या एका मुलाला त्याचे चुलते घेऊन आले होते. औषध त्याला याच टेबलावर मिळालं, पण महिनाअखेरच्या अहवालात तो ‘मानसिक आजार’ या ओळीत जाणार नाही. अपस्माराची ओळ वेगळी आहे.

‘मानसिक आजार’ ही ओळ सरकारच्या आरोग्य माहिती प्रणालीत, म्हणजे एचएमआयएसमध्ये जाते. तालुका, जिल्हा, राज्य, दिल्ली. तिथं मोजली जाते ती ओपीडीतली हजेरी. एकच माणूस सहा महिने गोळ्या न्यायला आला तर सहा. एकदा येऊन कायमचा गायब झाला तर एक. जो आधी देवरुष्याकडे गेला, मग पुण्यात किंवा सोलापुरात खासगी डॉक्टरांकडे गेला, त्याचं तिथं नाव नाही. आकडा वाढला की आजार वाढला असं वर्तमानपत्रात छापून येतं. तो वाढला याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की दार उघडं होतं, गोळ्या शिल्लक होत्या आणि पथकाची गाडी वेळेवर आली. माझ्या मते वाढलेला आकडा ही चांगली बातमी धरून तपासायला सुरुवात करावी.

अंतराचा हिशेब तर एचएमआयएसच्या कुठल्याच रकान्यात नाही. निम्हान्सच्या सर्वेक्षणात कुटुंबांनी सांगितलं होतं की महिन्याला हजार-दीड हजार रुपये जातात, त्यात उपचारांबरोबर प्रवासाचा खर्चही धरलेला. इंदापूरच्या माणसाला ‘येरवड्याला नेणं’, पुण्यातल्या मनोरुग्णालयात नेणं, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर जाणं, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडालेली. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की उपचारांसाठी कुणाला लांबचा प्रवास करावा लागू नये. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयाला मानसोपचार विभाग ठेवावाच लागतो. अंतर कमी झालंय, हे वस्त्यांवर किती जणांना ठाऊक आहे? मी विचारलं त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडी अजून येरवडाच होतं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांकही तसाच. २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, पण कुणाच्या भिंतीवर तो लिहिलेला दिसला नाही.

त्या ओपीडीतल्या सिस्टरनी रजिस्टरच्या मागच्या पानांवर पट्टीनं स्वतःचं कोष्टक आखलेलं होतं. नाव, गाव, पुढची तारीख, सोबत कोण येतं, फोन कुणाचा. तारखेला जो आला नाही त्याच्या नावापुढे तांबड्या शाईची खूण. दुपारी गर्दी ओसरली की त्या फोन लावत, लागला नाही तर त्या गावच्या आशाला निरोप. अहवालात या पानाला जागा नाही. खरं तर वर पाठवावं असं तेच पान होतं: किती जण आले यापेक्षा किती जण यायचे थांबले, आणि का.

त्या कोष्टकात गावाच्या रकान्यात मधूनच ‘कोयता, बीड’ असं लिहिलेलं दिसायचं. दिवाळीच्या सुमारास इथल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटली की मराठवाड्यातून ऊसतोडकरी येतात, फडाजवळ कोप्या घालून पाच-सहा महिने राहतात. इथल्या आशांच्या घरयादीत ते नसतात आणि गावाकडच्या आशाला घराला कुलूप दिसतं. एका तोडकरी बाईचा नवरा त्या दिवशी आला होता. कानात आवाज यायचे, रात्री फडातून उठून चालू लागायचा. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत मुकादम सोडत नाही म्हणून आधी आलेच नव्हते. आता औषधानं तो पुन्हा मोळ्या बांधू लागला होता. पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, आला होता, पुढच्या तारखेला ते इथं नसणार. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून दिली, सिस्टरनी जास्तीच्या दिवसांच्या गोळ्या मोजल्या, आणि बाईला दोनदा बजावलं की संपायच्या आठवडाभर आधी गावाकडच्या तालुक्याच्या दवाखान्यात जा, ही चिठ्ठी दाखव. ती गेली, तर तिथल्या रजिस्टरात तो नवीन रुग्ण म्हणून चढेल. इथल्या रजिस्टरात तो उपचार अर्धवट सोडलेला म्हणून राहील.