मोहिमेची जिप्सी

मारुती जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये भारतीय रस्त्यांवर आली आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९ मध्ये थांबली. तरीही लडाख-स्पितीच्या वाटांसाठी गाडी बांधायची म्हटले की आजही जुन्या जिप्सीचाच शोध सुरू होतो. याचे मुख्य कारण तिचे वजन. शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही चाकांना पाटे, आणि हे सारे जेमतेम हजार किलोंत. जड गाडी जिथे रुतून बसते तिथून जिप्सी हलकेपणाच्या जोरावर निघून जाते. त्यामुळे मोहिमेसाठी करायचा प्रत्येक बदल तिचे वजन किती वाढवतो, हे आधी तपासावे लागते.

पहिले काम दुरुस्तीचे. चेसिस तळापासून खरवडून गंज पाहणे, चाकांची बेअरिंगे, स्टिअरिंगचे सांधे, ब्रेकच्या नळ्या आणि रेडिएटर बदलणे या कामांत मिरवण्यासारखे काही नसते, पण गाडी डोंगरात बंद पडते ती बहुधा यांच्यामुळेच. इंजिन निवडताना जुने कार्ब्युरेटरचे नव्हे, २००० पासूनचे एमपीएफआय, म्हणजे इंधन-इंजेक्शनचे घ्यावे. ते १३०० सीसीचे, ८० अश्वशक्तीचे आणि एस्टीमच्या कुळातले आहे. लडाखमधली खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याजवळ येतो आणि इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात घटते. विरळ हवेत कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल ओतून इंजिन गुदमरवतो. एमपीएफआय मात्र हवा मोजून तेवढेच पेट्रोल सोडते.

त्यानंतर टायर. मूळ २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ बसवले तर चाकाचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटरवरून ७३३ वर जातो. ॲक्सल जमिनीपासून उचलण्याचा खरा मार्ग हाच, कारण पाटे उंच केल्याने वर जाते ती फक्त बॉडी. याची किंमतही आहे. चाक दहा टक्के मोठे झाले की चढावर गिअर तेवढेच जड पडतात आणि काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ ने धावत असते. पाट्यांची उंची दोन इंचांपुढे नेणे शहाणपणाचे नाही. प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात आणि वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो.

पाण्यातून जाण्यासाठी स्नॉर्केल लावतात. ते इंजिनाला वाचवते, डिफरन्शियलला नाही. तापलेले डिफरन्शियल बर्फाच्या नाल्यात उतरले की आतली हवा आकसते आणि त्याच्या श्वासनळीतून (ब्रीदर) पाणी शोषले जाते. पुढच्या मुक्कामी झाकण उघडावे तर आत दुधासारखे पांढरे तेल. ती बारीक नळी बोनेटपर्यंत वर नेली की हा प्रश्न मिटतो. इतक्या कमी खर्चात इतका उपयोगी बदल दुसरा नाही.

इंधनाचे गणित सरळ आहे. मनाली-लेह मार्गावरच्या तांडीच्या पंपावरची पाटी वर्षानुवर्षे सांगत आली की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. जिप्सीची टाकी ४० लिटरची. लिटरला नऊ किलोमीटर धरले तर टाकी लेहच्या उंबरठ्यावरच संपते. म्हणून २० लिटरचा एक जेरीकॅन हवाच, आणि तो टपावर नव्हे, मागे, खाली, घट्ट आवळून. टपावरचा प्रत्येक किलो उतारावर गाडीला झोकांड्या देतो. लडाखमधल्या हुंदरच्या वाळूत टायरमधली हवा उतरवावी लागते, त्यामुळे परत भरण्यासाठी छोटा कॉम्प्रेसर सोबत हवा. फावडे, चेसिसला बोल्टने पक्के जोडलेले टो-हुक आणि जाड पट्टा आधी घ्यावा, विंच त्यानंतर.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेला छेद देणारा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. पुढचे लोखंडी बुलबार केंद्राने डिसेंबर २०१७ पासूनच बेकायदा ठरवले आहेत. म्हणून कटर चालवण्याआधी आरसी बुक हाती घेऊन आरटीओत चौकशी करावी.