दाखल्याचं राजकारण (भाग 4) : मानांची फाइल

बारावीचा निकाल लागला की चिमूर, वरोरा, आरमोरीकडच्या माना जमातीच्या कुटुंबांत नीटच्या गुणांइतकीच चिंता व्हॅलिडिटीची असते. उपविभागीय अधिकाऱ्याचा जमातीचा दाखला हातात असला तरी राखीव जागेवरच्या प्रवेशाला पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा हवा. ज्यांचे आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्यांना कोतवाल बुकातली एखादी जन्माची ओळ शोधत फिरावं लागतं. दक्षता पथक घरी येतं, कुळदैवत विचारतं, लग्नाच्या रीती विचारतं. आणि 2001 पासून लागू असलेल्या कायद्याने जमात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला आहे.

हा कायदा हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 1994 मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पडताळणी समित्यांची चौकट घालून द्यावी लागली, ती खोट्या दाखल्यांमुळे. गडचिरोलीत 2024 मध्ये सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा हिशेब करा. 100 जागा, त्यातल्या 15 अखिल भारतीय कोट्यात. उरलेल्या 85 चे सात टक्के म्हणजे सहाएक जागा. त्यातली एक जरी बोगस दाखल्यावर गेली, तर भामरागडच्या एखाद्या माडिया मुलीचं डॉक्टर होणं हुकलं. गोंड-माडियांची धास्ती खोटी नाही.

प्रश्न आहे तो हा कायदा कुणावर, कधी आणि किती कडक लावायचा हे कोण ठरवतं याचा. माना आदिवासी आहेत की नाहीत हा वाद मुळात पेटला तो निवडणुकीत. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या एका राखीव विधानसभा मतदारसंघावरून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वेळच्या यादीत ‘गोंड’ या नोंदीच्या पोटात माना होते, म्हणून गोंडांशी नातं असलेलेच माना आदिवासी, असा 1968 चा निकाल लागला. शिवाय यादी तहसीलांपुरती होती. गडचिरोली तहसिलातला माना आदिवासी, शेजारच्या ब्रह्मपुरीतला नाही. 1976 च्या दुरुस्तीने संसदेने क्षेत्रबंधन काढलं, नोंदीची रचनाही बदलली. जुलै 1977 पासून ती लागू झाली आणि सवलतींवर हक्क सांगणारे एकदम वाढले.

इथे राज्य सरकारने लेखणी उचलली. 24 एप्रिल 1985 च्या निर्णयाने मानांना गोंडांशी आप्तभाव दाखवण्याची अट घातली. अनुच्छेद 342 प्रमाणे यादीत कानामात्रा बदलण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. तरी मंत्रालयातल्या एका परिपत्रकावर किती मुलांचे दावे फेटाळले गेले! उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 8 मार्च 2006 ला तिथेही हरलं. माना ही स्वतंत्र जमात आहे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. मधली एकवीस वर्षं म्हणजे विद्यार्थ्यांची एक अख्खी पिढी.

आता दुसरं टोक पाहा. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध दाखल्यावर मिळालेली नोकरी वा प्रवेश टिकणार नाही असा निकाल दिला. सरकारने काय केलं? 21 डिसेंबर 2019 च्या निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांसाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरची, पदं निर्माण केली आणि पुढे मुदतवाढ देत राहिलं. त्यांच्या संघटना मोठ्या, मतं एकगठ्ठा. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, धनगरांना आदिवासी सवलती देण्याच्या हालचालींविरुद्ध विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांना मंत्रालयाच्या जाळीवर उडी घ्यावी लागली. सत्तेतल्या आदिवासी आमदारावर ही वेळ येते, तर कोतवाल बुक शोधणाऱ्या पोराचं कोण ऐकणार?

सरकारच्या हातातला समतेचा कायदा अशी वळणं दुसरीकडेही घेतो. 2025 मध्ये ट्रम्प सरकारने हार्वर्ड विद्यापीठाचा दोन अब्ज डॉलरहून अधिक निधी गोठवला तो भेदभावविरोधी कायदा पुढे करून. सप्टेंबरमध्ये फेडरल न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवली. तिथे निदान विद्यापीठाकडे वकिलांची फौज होती.

24 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आप्तभाव चाचणी, म्हणजे कुळदैवत-रीतींची ती विचारपूस, हा जमात ठरवण्याचा एकमेव निकष नव्हे, आणि रीतसर चौकशी होऊन वडिलांना किंवा रक्ताच्या नातलगाला वैधता मिळाली असेल तर पुन्हा दक्षता चौकशीची गरज नाही. एवढं जरी गडचिरोलीच्या समितीपासून मुंबईपर्यंत मनापासून पाळलं, आणि अकरावीतच अर्ज घेऊन बारावीच्या परीक्षेआधी निकाल देणं समित्यांना बंधनकारक केलं, तर जुलैतल्या प्रवेशफेऱ्यांत रखडणाऱ्या फाइली निम्म्याने तरी कमी होतील असं मला वाटतं. समितीतल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका सरकारच्या मर्जीवर असू नयेत, हीही मागणी गोंड-माडिया आणि माना दोघांनी मिळून करावी अशी आहे.

पुढच्या भागात गोवारी समाज : 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात 114 माणसं चेंगरून मेली, त्यानंतर मिळालेलं दोन टक्के आरक्षण, आणि 2018 ते 2020 या दोन निकालांच्या मधल्या काळात प्रवेश घेतलेली मुलं.