तिरकामठा घडवताना

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याची रांग उभी आहे. तिच्या पायथ्याशी आणि कुशीत भिल्ल, भिलाला, कोरकू आणि निहाल बांधवांच्या वस्त्या आहेत. ‘भिल्ल’ हे नाव धनुष्यवाचक द्राविडी शब्दापासून आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्यांची ओळखच धनुष्याने झाली, त्यांच्या विद्येला मात्र आपल्या शिक्षणव्यवस्थेने विद्या मानले नाही. एकलव्याची कथा शाळेत सांगितली जाते ती गुरुभक्तीचा आदर्श म्हणून. ज्याने शिकवले नाही, त्याने दक्षिणा कोणत्या अधिकाराने मागितली, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी तो प्रश्न अनेक वर्षे विचारत आलो. परंतु धनुष्य कधी हाती घेतले नव्हते. काही वर्षांपूर्वी मुलांना दाखविण्यासाठी मी बांबूचे एक धनुष्य तयार केले. ते सुबक दिसावे म्हणून बाहेरची गुळगुळीत साल तासून काढली. दोरी चढवून ओढताच ते मधोमध मोडले. सातपुड्यातून वसतिगृहात आलेला नववीचा एक विद्यार्थी शेजारी उभा होता. संकोचत म्हणाला, “सर, बांबूची पाठ सोलाची नसते. तेच तं त्याचं बळ आहे.” त्या दिवसापासून या विषयापुरता तो माझा गुरू झाला. पुढील माहिती बव्हंशी त्याच्याकडून आणि त्यानंतर स्वतःच्या हाताने शिकलेली आहे.

त्याचे म्हणणे शास्त्रशुद्धच होते. धनुष्य वाकते तेव्हा लक्ष्याकडील बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडील बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. बांबूचे सर्वांत दाट व चिवट तंतू सालीलगत असतात. म्हणून साल पाठीला ठेवायची आणि तासायचे ते केवळ पोट.

नवशिक्याने मानवेल जातीचा, जाड भिंतीचा, तीन वर्षांचा पक्व बांबू निवडावा. कोवळा बांबू वाकतो, पण परत सरळ होत नाही. धामणीचे लाकूडही धनुष्यासाठी जुन्या काळापासून नावाजलेले आहे. संस्कृतात या झाडाला ‘धनुर्वृक्ष’ असेच म्हटले आहे. मात्र अंबाबरवा अभयारण्यातून काडीही आणू नये. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना झाडांत होती. २०१७ मध्ये ती व्याख्या बदलल्याने शेतातील बांबू तोडणे सुकर झाले आहे. तोच घ्यावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावर जंगलनिवासींचा हक्क मान्य केला आहे, हेही मुलांना सांगावे.

बांबू उभा चिरून, मुलाच्या उंचीएवढी पट्टी घेऊन ती सावलीत दोन-तीन महिने वाळू द्यावी. मधे मुठीची जागा जाड ठेवावी आणि दोन्ही बाहू टोकांकडे निमुळते करीत न्यावेत. त्यानंतरचे काम खऱ्या संयमाचे आहे. सैल दोरी लावून धनुष्य खुंटीवर आडवे टेकवावे, दोरी हळूहळू खाली ओढावी आणि दोन्ही बाहू सारखे वाकतात का ते दुरून पाहावे. जो भाग ताठ राहतो, तेथे पोटाकडून थोडे खरवडावे. जेथे अधिक वाकते, त्याला हात लावू नये. काढलेले लाकूड परत लावता येत नाही.

भिल्लांच्या जुन्या धनुष्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची असे. आपण अंबाडीची पिळदार किंवा नायलॉनची दोरी वापरू शकतो. दोरी चढविल्यावर मुठीशी हाताची मूठ टेकवून अंगठा उभा करावा. अंगठ्याचे टोक दोरीला लागले की अंतर योग्य, म्हणजे सुमारे पंधरा सेंटिमीटर. धनुष्याचा ताण ताणकाट्याने मोजावा. शिकणाऱ्या मुलासाठी तो सात ते नऊ किलोच्या आत असावा. जड धनुष्याने बळ वाढत नाही, सवय बिघडते.

बाणाची काडी निखाऱ्यावर शेकून सरळ करावी आणि मागे पिसे बांधावीत. काडी पूर्ण ओढीपेक्षा चार बोटे लांब हवी. आखूड बाण मुठीमागे घसरून हाताला इजा करतो. कुटार भरलेली पोती लक्ष्य म्हणून रचावीत आणि त्यांच्या मागे मातीचा बांध असावा. आरंभ पाच-सात मीटरवरून करावा. लक्ष्याला खांदा देऊन उभे राहावे. तर्जनी बाणाच्या वर, दोन बोटे खाली, अंगठा तळहातात मिटलेला. दोरी दर वेळी हनुवटीच्या त्याच जागी आणावी आणि बोटे सैल सोडावीत. बाण न लावता दोरी कधीही सोडू नये; बाणात जाणारी सारी शक्ती धनुष्यातच राहते आणि ते तडकते. सर्वांचे बाण सुटेपर्यंत कोणीही रेषेपुढे जाऊ नये.

शालेय क्रीडास्पर्धांत ‘इंडियन राउंड’ ही अशाच साध्या धनुष्याची फेरी असते. राजस्थानातील लिंबा राम हे बांबूचे धनुष्य हाताळत वाढलेले आदिवासी तिरंदाज १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारताकडून खेळले. आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जवकार यांनी मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत माइक श्लोसर या नामांकित डच तिरंदाजाला १४९-१४८ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजस देवतळे व अभिषेक वर्मा यांच्यासह त्यांनी सांघिक सुवर्णही जिंकले. त्यांचे धनुष्य कप्प्यांचे, आधुनिक. परंतु स्थिर उभे राहणे आणि श्वास सांभाळणे दोन्हीकडे सारखेच.

बौद्ध संस्थेच्या शाळेत शस्त्र कशासाठी, असे एका पालकाने मला विचारले होते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या हंसाची कथा दिली आहे. हंसावर हक्क मारणाऱ्याचा नव्हे, वाचविणाऱ्याचा ठरला. आमच्या मुलांचे लक्ष्य कुटाराचे पोते आहे, जीव नाही. आणि धम्मपदाने चंचल चित्त सरळ करण्यासाठी दाखला दिला आहे तो बाण सरळ करणाऱ्या कारागिराचाच. त्या कारागिराचे काम भगवंतांना हीन वाटले नाही.

द्रोणाने अंगठा मागितला. पुढे सावकारांनी आमच्या आजोबांकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. आज आमच्या मैदानावर सातपुड्यातील मुलगा इतर मुलांना मूठ टेकवून, अंगठा उभा करून दोरीचे अंतर मोजायला शिकवतो. तो शिकवतो आणि कोणाकडून काहीही मागत नाही. नवशिक्याचे पहिले धनुष्य बहुधा मोडते, माझेही मोडले. दुसरे करायला बसताना ज्याला येते त्याला विचारावे, तो वयाने, जातीने वा इयत्तेने कोठलाही असो.