पडवीतील एस्टीम आणि तिचे फेरफार

भंडारा जिल्ह्याचे नाव निघाले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, कोशाची वस्त्रे आणि पितळेची भांडी एवढेच उभे राहते, आणि ते खोटेही नाही. परंतु ज्या जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे पोलादास आवश्यक असे मँगनीज निघते, वरठीस मोटार-उद्योगाला लागणारे मिश्र पोलाद तयार होते, आणि लाखनीजवळच्या गडेगावी अशोक लेलँडचा गिअरबॉक्सचा कारखाना १९८२ पासून चालू आहे, त्या जिल्ह्यातील एखादा गृहस्थ रविवारी सकाळी घराच्या पडवीत जुन्या मोटारीचे बॉनेट उघडून हातात पाना घेऊन बसलेला दिसला, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. नवल वाटावे ते त्याच्यापुढे उभ्या असलेल्या गाडीचे. कारण ती ज्या स्वरूपात कारखान्यातून बाहेर पडली, त्या स्वरूपात आता राहिलेली नसते.

अशा गाड्यांत मारुती एस्टीमचा मान मोठा. १९९४ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा तिच्या १२९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची शक्ती ६५ अश्वशक्तीची होती. १९९९ च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन त्याजागी संगणकनियंत्रित इंधनपुरवठा आला आणि सोळा झडपांच्या त्याच आकाराच्या इंजिनातून ८५ अश्वशक्ती मिळू लागली. गाडीचे वजन नऊशे किलोच्या आतले, त्यामुळे हा आकडा वाटतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक चपळ ठरला, आणि राष्ट्रीय रॅलींच्या धुळीत व दक्षिणेकडील शर्यतींच्या मैदानांवर एस्टीमने आपले नाव कमावले. २००७ साली तिचे उत्पादन थांबले. आज ती थोड्या पैशात मिळते, आणि तिच्या इंजिनाचे सख्खे भावंड जिप्सी किंगमध्येही बसत असल्यामुळे, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या पिटेझरी प्रवेशद्वारापाशी ज्या मुलखात सफारीच्या जिप्सींचा राबता आहे, त्या मुलखात हे इंजिन ओळखणारा मिस्त्री शोधण्यासाठी फार पायपीट करावी लागत नाही.

वेगाच्या हौसेने या गाडीत जे बदल होतात ते बहुधा ठरलेले असतात. झडपा अधिक उंच व अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट, लेथवाल्याकडून किंचित घासून घेतलेले हेड, एक्झॉस्टसाठी चार नळ्या आधी दोनांत आणि मग एकात मिळवणारा हेडर, मोकळा सायलेन्सर, आखूड स्प्रिंगा, मूळ तेरा इंचांऐवजी मोठी चाके, आणि संगणकाला निराळा हिशेब शिकवणारी एखादी पेटी. यांपैकी प्रत्येक बदल आपापल्या जागी समर्थनीय असू शकतो. अनर्थ ओढवतो तो या सर्वांची बेरीज कोणीच मांडून ठेवलेली नसते म्हणून.

कारखान्याने दिलेली पुस्तिका ही त्या विशिष्ट गाडीची सनद असते. कोणता बोल्ट किती बळाने आवळावा, टॅपेटमध्ये किती अंतर ठेवावे, पट्टा किती किलोमीटरनंतर बदलावा, हे सारे त्या सनदेत नमूद असते. पण पहिला कॅमशाफ्ट बदलला त्या दिवशी त्यातील काही कलमे बाद होतात, आणि दहावा बदल होईपर्यंत पुस्तिका आणि गाडी यांचा संबंध नावापुरताच उरतो. गावच्या तलाठ्याच्या दप्तरात जमिनीचा प्रत्येक फेरफार क्रमांक, तारीख आणि कारण यांसह नोंदला जातो आणि म्हणूनच तीन पिढ्यांनंतरही कोणता तुकडा कोणाकडून आला हे सांगता येते. तसे दप्तर नसलेल्या बदललेल्या गाडीपुढे उत्तम मिस्त्रीही हतबल होतो. घरी अशी गाडी राखणाऱ्याचे पहिले अवजार, माझ्या मते, पान्यांचा संच नव्हे, तर जाड पुठ्ठ्याची वही आहे. कोणता भाग कधी बसवला, कोठून आणला, त्यावर कोणता क्रमांक होता, हेडवरून किती मिलिमीटर धातू उतरवला, आणि त्यानंतर गाडी कशी चालली, हे त्यात असावे. ज्याच्या गाडीची अशी वही नाही त्याच्याकडून ती विकत घेऊ नये.

हेड घासणे या एका प्रकरणावरून ही गोष्ट नीट समजेल. हेडचा तळ घासला म्हणजे ज्वलनकक्ष लहान होतो, मिश्रण अधिक दाबले जाते, आणि शक्ती वाढते. पण त्याचबरोबर झडपा पिस्टनच्या जवळ येतात. त्यात झडप अधिक खोल उतरवणारा कॅमशाफ्ट बसवला की मूळ रचनेत जे अंतर सुरक्षित होते ते उरले आहे असे गृहीत धरता येत नाही, आणि टायमिंग बेल्ट तुटला असता पूर्वी जे इंजिन सहीसलामत सुटले असते ते आता सुटेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. याची तपासणी घरच्या घरी करता येते, आणि ती पाहण्यासारखी असते. हेड उतरलेले असताना पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातील तेलकट क्लेचा थर बसवावा, वर तेलाचा हात फिरवावा, जुन्याच गॅस्केटवर हेड ठेवून आवळावे, पट्टा खुणांवर चढवावा, आणि क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून हाताने, सावकाश, दोन पूर्ण फेरे द्यावेत. वाटेत कोठे अडल्यासारखे वाटले तर तेथेच थांबावे. मग हेड पुन्हा काढले म्हणजे क्लेवर झडपांच्या कडा चंद्रकोरीसारख्या उमटलेल्या दिसतात. सर्वांत खोल जागी पात्याने काप घेऊन उरलेल्या थराची जाडी व्हर्नियरने मोजली की प्रत्यक्ष अंतर हाती येते. सेवनझडपेपाशी सुमारे २ मिलिमीटर आणि उत्सर्गझडपेपाशी त्याहून थोडे अधिक, हा शर्यतीच्या इंजिनांचा सर्वसाधारण संकेत आहे. त्याहून कमी भरले तर हेड परत लेथवाल्याकडे नेऊ नये, कॅमशाफ्ट परत करावा. वहीत हा आकडा तारखेसह लिहावा, आणि पुस्तिकेतील लाख किलोमीटरची मुदत विसरून पट्टा तिच्या निम्म्यातच बदलावा.

दाब वाढला की इंधनाची जात महत्त्वाची होते, आणि येथे अलीकडे एक नवीच भानगड उपस्थित झाली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्याच्या निर्मितीत उसाबरोबर तांदळाच्या कणीचाही वाटा असल्यामुळे धानाच्या जिल्ह्याला त्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार फारसा उरत नाही. इथेनॉलमुळे पेट्रोलची ऑक्टेन-संख्या वाढते, म्हणजे घासलेल्या हेडच्या इंजिनाला ठोका बसण्याचे भय कमी होते. हा त्याचा गुण निर्विवाद आहे. परंतु शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते आणि इथेनॉलला केवळ ९, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास हवा पुरते. जुन्या हिशेबाने पढवलेली ती पेटी मात्र पूर्वीइतकेच इंधन सोडत राहते, मिश्रण विरळ होते, आणि विरळ मिश्रणावर पूर्ण जोराने धावणारे इंजिन तापते. मूळ गाडीच्या संगणकाला ऑक्सिजन सेन्सर असला तर तो काही मर्यादेपर्यंत ही चूक सावरून घेतो. पण पायडल पूर्ण दाबले असता तो हिशेबात घेतला जात नाही, आणि या गाड्यांचे पायडल कशासाठी दाबले जाते हे सांगायला नकोच. प्लग काढून पाहावा. त्याच्या चिनीमातीवर तांबूस करडा रंग असेल तर ठीक. ती पांढरीफटक दिसली तर पेटीचा हिशेब पुन्हा करवून घ्यावा. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने फुगतात व चिरतात, तेव्हा त्या सर्व एकदम बदलणे शहाणपणाचे. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते, आणि पावसाळाभर पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. अशी गाडी चातुर्मासात टाकी भरून ठेवावी, अर्धी ठेवू नये.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा आमच्याकडील अर्धे मिस्त्री पहिला इलाज म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात, आणि हा शिरस्ता इतका रूढ आहे की त्याविरुद्ध बोलणारा इसमच अडाणी ठरतो. तरीही बोलणे भाग आहे. थर्मोस्टॅट इंजिन थंड ठेवण्यासाठी नसून ते योग्य तापमानावर आणण्यासाठी व तेथे राखण्यासाठी असतो. तो काढला की हिवाळ्याच्या पहाटे आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन कायम गार राहते, संगणक ते अजून तापायचे आहे असे समजून जादा पेट्रोल ओततो, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन नेते, आणि नव्याने होन केलेला बोअर वेळेआधीच झिजतो. थर्मोस्टॅट बिघडला आहे की नाही हे पाहण्यासाठी स्वयंपाकघरातील एखादे टाकाऊ पातेले पुरे. त्यात पाणी घालून थर्मोस्टॅट दोऱ्याने बुडाला न टेकेल असा टांगावा, शेजारी तापमापक धरावा, आणि शेगडी पेटवावी. त्याच्या अंगावर कोरलेला आकडा, बहुधा ८२ किंवा ८८, येताच झडप उघडू लागली पाहिजे आणि पाणी उकळण्यापूर्वी पूर्ण उघडली पाहिजे. गाडी तापतेच असेल तर दोष रेडिएटरच्या चोंदलेल्या जाळीत, फिरत नसलेल्या पंख्यात, किंवा दाब न धरणाऱ्या झाकणात शोधावा; झाकण दाब धरते म्हणूनच आतील द्रव शंभर अंशांपलीकडे जाऊनही उकळत नाही, आणि म्हणूनच गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नये. विहिरीचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरला वर्ज्य; शीतकद्रव आणि ऊर्ध्वपातित पाणी निम्मेनिम्म घालावे. तांबे-पितळेचा जुन्या धाटणीचा रेडिएटर मिळाला तर तो अवश्य घ्यावा, कारण तो गळाला तर झाळून घेता येतो, आणि पितळेला झाळणारे हात या जिल्ह्यात तरी अजून शिल्लक आहेत.

ब्रेकच्या तेलाकडे बहुतेक हौशी मंडळींचे लक्ष जात नाही, कारण ते वेग वाढवीत नाही. डॉट ४ प्रतीचे तेल कोरडे असताना निदान २३० अंशांना उकळते, पण ओलावा मुरल्यावर तोच उत्कलनबिंदू १५५ पर्यंत घसरलेला चालतो असे मानकच सांगते. ज्या प्रदेशात चार महिने हवा पाण्याने जड असते तेथे हे तेल दर दोन वर्षांनी बदलणे हा खर्च नव्हे. आखूड स्प्रिंगांविषयी माझे मत कठोर आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर त्या शोभतात. महामार्ग सोडून गावाकडे वळले की बैलगाडीच्या चाकोऱ्यांत तेलाचा चेंबर घासतो, आणि बुश व बॉल-जॉइंट यांची आयुर्मर्यादा निम्म्यावर येते. वायरिंगची मोठी शत्रू वीज नसून उंदीर आहेत. धान घरात आले की तेही येतात, आणि पडवीतील गाडीच्या उबदार बॉनेटखाली त्यांचा मुक्काम पडतो. नवी तार ओढताना ती लोखंडी पत्र्याच्या कडेवरून नेऊ नये, प्रत्येक जादा यंत्राला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्यावा, आणि इंजिनापासून सांगाड्यापर्यंतची अर्थची पट्टी दर पावसाळ्यानंतर घासून स्वच्छ करावी. जुन्या गाड्यांतील निम्मी गूढ दुखणी या एका पट्टीशी येऊन संपतात.

आता कायद्याची बाब. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातील एका प्रकरणात या कलमाचा हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तिची मुदत संपल्यावर भंडाऱ्याच्या, म्हणजे एमएच ३६ च्या, परिवहन कार्यालयात तपासणी होऊन पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते, आणि आज रस्त्यावर असलेल्या प्रत्येक एस्टीमने ही मुदत ओलांडलेली आहे. झिजलेला भाग त्याच प्रतीच्या भागाने बदलणे हा फेरफार नव्हे. परंतु कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि पत्र्याबाहेर आलेली चाके कोणत्याही अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत, सुटूही नयेत. ज्याला पूर्ण बदललेली गाडी शर्यतीच्या बंद मैदानावर पळवायची असेल त्याने ती तेथे वाहनावर लादून न्यावी, आणि ज्याला ती रस्त्यावर आणायची असेल त्याने काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावा.

अखेरीस दोन सूचना, ज्यांचा वेगाशी काही संबंध नाही. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. फरशीवर घट्ट बसवलेले दोन लोखंडी घोडे प्रथम, मग पाना. आणि काढलेले इंजिन-ऑइल बंद डब्यात साठवून परवानाधारक पुनर्वापरवाल्याच्या स्वाधीन करावे, पडवीमागच्या नालीत ओतू नये, कारण ती नाली कोणत्या ना कोणत्या तलावाला जाऊन मिळते. रेडिएटरमधील शीतकद्रव तर त्याहूनही जपून हाताळावे: ते चवीला गोड असते, कुत्री व गुरे ते आवडीने चाटतात, आणि थोड्याशा मात्रेनेही मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात.