गोलकीपरची नजर तयार करायला भिंत अन् टेनिस बॉल पुरे

सोलापूर : पेनल्टी ११ मीटरवरून मारतात. ताशी ८० किलोमीटरनं सुटलेला बॉल अर्ध्या सेकंदात गोलात. त्यातलं ०.२ सेकंद तर नुसतं दिसून हलायलाच जातं. म्हणून मारणाऱ्याचा टेकलेला पाय अन् कंबर आधीच बघायची सवय लावा.

पोराला भिंतीकडं तोंड करून तीन मीटरवर उभं करा. त्याच्या मागून टेनिस बॉल भिंतीवर मारा, परत येताना त्यानं पकडायचा. मारणारा दिसत नाही, त्यामुळं लक्ष हटवून चालतच नाही. दहा-पंधरा मिनिटं बस. दमल्यावर नजर ढिली पडते. महागडी मशीन कशाला?

डाइव्ह मात्र उन्हाळ्यात टणक झालेल्या काळ्या मातीवर नको, मनगट-खांदा जायचा. शाळेतल्या लांब उडीच्या वाळूत, गुडघ्यावर बसून कुशीवर पडायला आधी शिकवा. कोपर टेकायचं नाही.