पहिला हप्ता वेळेवर मिळाला म्हणून

शेतमाल विकून हाती आलेला पैसा कोठे ठेवावा, हा प्रश्न कोणते पीक घ्यावे ह्याइतकाच महत्त्वाचा आहे. तथापि त्याविषयी आपल्या गावांतून फारच थोडी चर्चा होते. बैल घ्यावयाचा झाल्यास शेतकरी त्याचे दात पाहतो, त्यास चालवून पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. तोच शेतकरी घसघशीत व्याजाच्या बोलीवर वर्षाची शिल्लक एका दिवसात परक्याच्या स्वाधीन करतो, असेही दिसून येते. ह्यास लोभ किंवा अज्ञान म्हणून सोडून देणे बरोबर नाही. मनाच्या काही सवयी शिकल्यासवरल्या माणसासही चकवितात, आणि त्या ओळखणे हे गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे एक कर्तव्यच होय.

उदाहरण मुंबईचे घेऊ, कारण मुंबईच्या व गावच्या पैशाचे नाते जुने आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांतून कोकणात, साताऱ्यास व कोल्हापुरास मनिऑर्डरी जात. गिरण्या गेल्या, पण नातेवाईक तेथे आहेत, आणि पैसा कोठे गुंतवावा ह्याचा सल्लाही पुष्कळदा त्याच वाटेने गावी येतो.

२०२४ साली दादर येथे ‘टोरेस’ नावाचे दागिन्यांचे झगमगीत दुकान चालू होते. मोइसॅनाइट नावाचे, हिऱ्यासारखे दिसणारे खडे घेणाऱ्यास त्याच्या रकमेवर दर आठवड्यास सहा टक्के परतावा मिळेल, असे सांगण्यात येत होते. नवे गिऱ्हाईक आणणाऱ्यास वेगळे बक्षीस असे. काही महिने लोकांना पैसे मिळाले. डिसेंबरच्या अखेरीस हप्ते थांबले आणि ६ जानेवारी २०२५ रोजी दुकानासमोर संतप्त ठेवीदारांची गर्दी जमली. पहिली फिर्याद देणारा दादर भागातील एक भाजीविक्रेता होता. पुढे हा तपास मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. कोण किती दोषी हे न्यायालय ठरवील. आपणांस येथे ठेवीदाराच्या मनाचा विचार करावयाचा आहे.

भाजीचा धंदा करणारा मनुष्य हिशेबास कच्चा नसतो. पैशापैशाची घासाघीस हा त्याचा नित्याचा व्यवहार. मग असे का घडते? माझ्या मते सर्वांत मोठे कारण म्हणजे वेळेवर मिळणारा पहिला हप्ता. जे डोळ्यांनी पाहिले, हाताने मोजून घेतले, त्यास मन पुरावा मानते. चार आठवडे पैसे आले की पाचव्यासही येतील, असे ते ठरवून टाकते. शेजाऱ्यासही मिळाले, मेहुण्यासही मिळाले, म्हणजे मनास चार साक्षीदार मिळतात. वास्तविक ते चौघेही एकाच हप्त्याचे साक्षीदार असतात. तो हप्ता कोणत्या धंद्यातून आला हे त्यांपैकी एकासही ठाऊक नसते.

आता साधा हिशेब करू. दहा हजार रुपयांवर आठवड्यास सहाशे, म्हणजे बावन्न आठवड्यांत एकतीस हजार दोनशे रुपये झाले. धंद्यात एवढा नफा नसेल, तर एका ठेवीदाराचे हप्ते फेडण्यास नव्या तिघांची सबंध रक्कम लागते आणि तीही थोडी अपुरीच पडते. त्या तिघांसाठी नऊ, नवांसाठी सत्तावीस. असे तिप्पट करीत गेल्यास पंधराव्या पायरीस १ कोटी ४३ लाख माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्याच १ कोटी २४ लाख होती!

चाळीतील भिशीशी हे ताडून पाहावे. वीस जणांनी पाचशेप्रमाणे भरले तर एकास दहा हजार मिळतात. पैसा वाढत नाही, पण तो कोणाच्या खिशातून आला हे प्रत्येकास माहीत असते. भिशीतही माणूस बुडतो, नाही असे नाही. परंतु तेथे निदान कोणी बुडविले ते कळते.

आजचा भाव कायमचा आहे, असे समजणे ही दुसरी सवय. कापूस पिकविणाऱ्यांनी ही हकीकत अवश्य लक्षात ठेवावी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस विलायतेस जाईना, आणि आपल्याकडील कापसाचा भाव कडाडला. मुंबईत पैशाचा पूर आला. गिरगावच्या किनाऱ्यापुढील समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपत आले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी सौद्यांचे पैसे चुकते करण्याची वेळ आली तेव्हा मोठमोठ्या पेढ्यांचे दिवाळे निघाले. गेल्या वर्षी कांद्यास भाव आला म्हणून यंदा सर्व रान कांद्याखाली आणणाऱ्याचे मन ह्याहून निराळे नसते.

हप्ता थांबल्यावरही माणूस लवकर सावध होत नाही. डॅनियल काह्नेमन व अमोस ट्वर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली असे मांडले की, शंभर रुपये गमावल्याचे दुःख शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदाहून पुष्कळ मोठे असते. म्हणून तोटा कबूल करण्याऐवजी ‘आणखी थोडे भरा, मग अडकलेले सुटेल’ ह्या बोलण्यास तो बळी पडतो.

कार्यकर्त्यांनी गावात हा विषय काढावा तो हंगामाचा पैसा हाती येण्यापूर्वी. हप्ते सुरू झाल्यावर उपदेश कोणी ऐकत नाही. फळ्यावर वरील तिपटीचा हिशेब मात्र लोक लक्ष देऊन पाहतात, कारण त्यात कोणास दोष दिलेला नसतो. ठेव घेणाऱ्यास ती घेण्याचा अधिकार आहे काय, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ ह्या संकेतस्थळावर पाहता येते. बँकेतील ठेवीस, मग ती सहकारी बँक का असेना, दर ठेवीदारामागे दर बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. हा फरक गावात फार थोड्यांना माहीत असतो.

कोणी फसलाच, तर तो लाजेने बोलत नाही, आणि त्यात मोलाचे दिवस जातात. त्यास बोल न लावता पावत्या, करारपत्र व बँकेचा उतारा एकत्र करावयास लावावे आणि सोबत जाऊन पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे व त्याखाली संबंधितांची मालमत्ता जप्त करता येते. मात्र ती विकून पैसे परत मिळण्यास वर्षे लागतात, हेही त्यास आधीच सांगून ठेवावे.